बावीस टायर, एक चार्ज: इलेक्ट्रिक ट्रॉल्याला टायर घेताना

जून २०२५ मध्ये मी आठ टायर चुकीचे घेतले. घासाघीस करून, वर दुकानदाराचा चहा पिऊन घेतले. टायर वाईट नव्हते, ते ज्या गाडीला लावले ती गाडी त्यांची नव्हती. त्या आठ टायरांपायी आमची रोजची शेवटची फेरी गेली, ती ऑक्टोबरपर्यंत काही परत आली नाही.

आधी गाडी सांगते. इंदूरला ट्रान्सपोर्ट नगरात आमचं छोटं ऑफिस आहे. गाड्या बाबा बघायचे, हिशेब मी बघायची. बाबांचे गुडघे बोलायला लागल्यापासून दोन्ही माझ्याच गळ्यात. पाच डिझेल गाड्या, आणि नोव्हेंबर २०२४ पासून एक इलेक्ट्रिक घोडा (म्हणजे ट्रॉला ओढणारी पुढची गाडी), ५५ टनी, मागे तीन ॲक्सलचा ट्रॉला. पुढे दोन टायर, घोड्याच्या मागच्या दोन ॲक्सलला आठ, ट्रॉल्याला बारा. एकूण बावीस. (ई-ट्रकवर ९.६ लाखांपर्यंत अनुदान द्यायचे नियम सरकारने जुलै २०२५ मध्ये काढले. आम्ही आठ महिने आधीच गाडी घेऊन मोकळे झालो होतो. त्या विषयावर घरात कोणी बोलत नाही.)

काम ठरलेलं आहे. टिहीच्या कंटेनर डेपोतून सकाळी देवासची एक फेरी, मग टिही ते पीथमपूर तीन छोट्या फेऱ्या. जाताना भरलेला डबा, म्हणजे कंटेनर, येताना रिकामा. देवास ६० किलोमीटर धरा, पीथमपूरच्या गिऱ्हाइकाचं गेट १५. बॅटरीतून दिवसाला आम्ही २४० युनिट वापरतो. त्याहून जास्त बॅटरी आमचे ड्रायव्हर काका उतरू देत नाहीत, आणि बरोबरच करतात. भरलेली गाडी किलोमीटरला १.४ युनिट खायची, रिकामी ०.८. म्हणजे देवासला जाऊन-येऊन १३२ युनिट, छोटी फेरी ३३ ची, अशा तीन. बेरीज २३१. नऊ युनिट हातात राहायचे. दिवस बसत होता, पण काठोकाठ.

टायरच्या कंपन्यांची नावं मी लिहीत नाही. नाव लिहिलं की माणूस नाव पाठ करून दुकानात जातो आणि माप विसरतो. तसंही पीथमपूरजवळ खेड्याला टायरचा मोठा कारखाना आहे, नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा टेस्ट ट्रॅक आहे, ट्रकचा कारखाना आहे. इथे प्रत्येकाचा भाचा नाहीतर मेव्हणा कुठल्या ना कुठल्या टायर कंपनीत असतो, आणि प्रत्येकाला आपलाच टायर चांगला वाटतो.

गाडीबरोबर आलेले मागचे आठ टायर ४५ हजार किलोमीटरला संपले. आमच्या डिझेल घोड्याला तेच माप ७० हजार तरी जायचं. पहिल्यांदा मला वाटलं, टायरच हलके दिले. ट्रान्सपोर्ट नगरातल्या आमच्या जुन्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने काही न बोलता माझा हात धरला आणि बोट टायरच्या गुट्टीवर, म्हणजे नक्षीतल्या रबराच्या उंचवट्यावर, पुढच्या दिशेने फिरवलं. गुळगुळीत. मग मागच्या दिशेने फिरवलं. किसणी. प्रत्येक गुट्टीची एक कड गोल झालेली, दुसरी धारदार उभी. "मॅडम, ये गाडी रबर खाती है," एवढंच म्हणाला.

का खाते ते मला गणपती घाटात कळलं. एकदा धामनोदला माल द्यायचा होता, म्हणून मी काकांच्या शेजारी बसून गेले. इंदूरकडून खाली उतरताना हा घाट किती गाड्यांनी पाहिला आहे आणि किती तिथेच राहिल्या, हे इथल्या कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा. काकांनी ब्रेकला जवळजवळ पाय लावलाच नाही. पायाखालचा दाब सोडला की मोटर उलट काम करते, चाकाला धरून ठेवते आणि वीज बॅटरीत भरते. वर ६१ टक्के होते, खाली आलो तेव्हा ६४. मी खूश. पण विचार केला तर एवढी गाडी अडवून धरण्याचं सगळं काम कोणी केलं? मोटर ज्या चाकांना जोडली आहे त्या आठांनी. ट्रॉल्याचे बारा आणि पुढचे दोन नुसते मागे-पुढे चालत होते. सिग्नलला सुटताना तीच गोष्ट उलटी. डिझेल इंजिन आधी घरघरतं, क्लच सुटतो, मग जोर येतो. मोटरचा पूर्ण जोर चाक शून्यावर असतानाच हजर. काकांना पहिले दोन महिने ते फार आवडलं होतं. राऊच्या चौकात ते गाड्यांना मागे टाकायचे. त्याचं बिल मी भरलं.

तर जूनमध्ये पावसाळा तोंडावर. डेपोच्या आवारात चिखल असतो, टायर लवकर झिजतात, म्हणून मी तीस वर्षांच्या डिझेलच्या अकलेने ठरवलं: खोल नक्षीचा, जाड गुट्टीचा लग टायर घ्यायचा. २१ मिलिमीटर रबर. बाबा खूश. बाबांच्या हिशेबात टायर म्हणजे गुट्टी, बाकी सगळं कंपनीच्या गप्पा.

पहिल्याच आठवड्यात काका म्हणाले, गाडी गुणगुणते. डिझेलच्या आवाजात लग टायरचं गुणगुणणं कधी ऐकू आलंच नव्हतं. इथे केबिनमध्ये पंख्याचा आवाज येतो, तिथे हा हूं-हूं सतत. त्याच आठवड्यात तिसरी छोटी फेरी अर्धवट राहिली. डब्यासकट गाडी चार्जरला लावली, डेपोच्या गेटची वेळ गेली, डबा दुसऱ्या दिवसावर. मग रोज तेच. मी पावसाला दोष दिला, काकांच्या एसीला दिला, चार्जरला दिला. तीन आठवड्यांनी वही काढून बसले. भरलेली फेरी १.५५, रिकामी ०.८७. देवासची फेरी १३२ वरून १४५ वर गेली होती, छोटी ३३ वरून ३६. बेरीज २५४. बॅटरीतून आम्ही घेतो २४०. एवढी साधी वजाबाकी करायला मला तीन आठवडे लागले, कारण टायरवर शंका घ्यायची असते हेच डोक्यात नव्हतं.

टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि वर गेला की परत सरळ होतो. दबताना रबर जेवढी ताकद घेतं तेवढी सरळ होताना परत देत नाही. मधल्यामध्ये राहते ती गरमी. देवासहून आलेल्या गाडीच्या टायरला हात लावून बघा, ती तुमची वीज आहे. गुट्टी जितकी उंच आणि सुटी, तितकी ती जास्त लवते, जास्त तापते. डिझेल इंजिन स्वतःच निम्म्याहून जास्त इंधन गरमीत घालवतं, त्यामुळे टायरची चोरी त्या गोंधळात लपून जाते. मोटर बॅटरीतलं बहुतेक सगळं चाकापर्यंत पोचवते. मग चोर उघडा पडतो.

या चोरीला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. तिला मोजमाप आहे, आणि ते अवघड नाही. एक टन वजन सपाट रस्त्यावर चालतं ठेवायला टायरांपायी सहा किलोचा जोर लागत असेल तर तो टायर सहाचा. ५५ टनाला झाला ३३० किलोचा जोर, म्हणजे किलोमीटरमागे ०.९ युनिट नुसतं रबर लवण्यात. टायर सहाऐवजी पाचचा असला तर किलोमीटरला ०.१५ युनिट वाचलं. युरोपात ट्रकच्या टायरवर हे लेबल असतं: ४ पर्यंत ए, ५ पर्यंत बी, ६ पर्यंत सी, ७ पर्यंत डी, त्याच्या वर ई. आपल्याकडे एआयएस-१४२ या मानकात याच्या मर्यादा आहेत, ओल्या रस्त्यावरच्या पकडीच्या आणि आवाजाच्याही आहेत. बीईईचे तारे आता फ्रीज-एसीसारखे टायरवरही मिळतात. पण दुकानात हा आकडा विचारून बघा.

मी विचारला. देवास नाक्याकडच्या एका मोठ्या, काचेच्या दुकानात. तिथे टायरच्या बगलेवर हिरवं पान छापलेलं होतं आणि वर ईव्ही लिहिलं होतं. मी म्हटलं, रोलिंग रेझिस्टन्स किती? मुलगा म्हणाला, "बहुत कम, मॅडम." म्हटलं, कम म्हणजे किती? "एकदम कम." लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन उचलतो त्याचा आकडा, विचारला तर त्याने टायर फिरवून फिरवून आकडा शोधला. तो सापडायला चार मिनिटं लागली आणि सापडला तो पुढच्या ॲक्सलला पुरणारा नव्हता. एसी चांगला होता. पाचपैकी एक, तो एसीचा.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, एक पिंजरा आणि भिंतीवर खडूने लिहिलेली उधारी. त्याला रोलिंग रेझिस्टन्स हा शब्द माहीत नाही. पण त्याने मला टायर दाखवायच्या आधी धर्मकाट्यावर पाठवलं. म्हणाला, आधी गाडी किती जड आहे ते पायापायाने बघून या. रविवारी पीथमपूरच्या काट्यावर भरलेली गाडी नेली आणि आधी फक्त पुढची चाकं चढवली. ६,८९० किलो. आमच्या डिझेल घोड्याची तीच चाकं ६,२०० च्या आसपास भरतात. केबिनच्या मागे बॅटऱ्यांची भिंत उभी आहे, तिचं वजन पुढे येणारच.

आता टायरवर लिहिलेलं वाचा. आमच्या पुढच्या टायरवर होतं २९५/८० आर २२.५, आणि पुढे १५२/१४८. यातला १५२ म्हणजे एकटा टायर ३,५५० किलो उचलतो, १४८ म्हणजे जोडीत लावला तर प्रत्येकी ३,१५०. पुढे टायर एकटे असतात. दोन मिळून ७,१००. आमचं वजन ६,८९०. दोनशे दहा किलोची ऐपत शिल्लक, तीही हवा पूर्ण असेल तर, म्हणजे १२३ पीएसआय. काका आणि क्लीनर दोघं जेवून बसले तर त्यातलेही चार-दोन किलो गेले. मागे मात्र चैन आहे: घोड्याच्या आठ टायरांची ताकद २५.२ टन, नियमाने त्या दोन ॲक्सलवर वजन २१ टनांपर्यंत. ट्रॉल्यालाही हेच माप लावलं तर बारा टायर, ३७.८ टनांची ताकद, वजन २७. सगळं जग मागच्या टायरांची काळजी करतं आणि अडचण पुढे असते.

मी पुढे तेच माप ठेवून १५४ चा टायर घेतला, एकटा ३,७५० किलो. दुसरा रस्ता होता ३१५/८० आर २२.५ चा, तो १५६ मध्ये ४,००० किलो उचलतो. पण तो तीन सेंटिमीटर उंच, शिवाय रुंदही, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कुठे घासतो का ते बघा, रिम ९ इंचाची हवी, आरसीवरचं माप वेगळं. तेवढ्या उस्तवारीला मी तयार नव्हते.

मापावरून बाबांशी झालेलं भांडण इथे लिहिलंच पाहिजे. ट्रॉला जुना, डिझेल घोड्यामागचा. त्याला १०.००-२० चे नायलॉन, ट्यूबवाले. त्यालाही मी २२.५ चे घ्यायचे म्हणत होते. बाबांचं म्हणणं, २२.५ चं चाक मोठं, त्यामुळे ट्रॉला उंच होईल आणि मागून डबा वर जाईल. मीही इतकी वर्षं तसंच धरून चालले होते. मिस्त्रीने दोन टायर शेजारी उभे केले, एक १०.०० आर २० आणि एक २९५/८० आर २२.५, आणि वर आडवी पट्टी ठेवली. वीसवाला एक सेंटिमीटर उंच निघाला. १,०५४ मिलिमीटर आणि १,०४४. बाबा पट्टी उलटी करून परत ठेवून बघत होते. गंमत अशी की २० आणि २२.५ हे आकडे टायरचे नाहीतच, रिमचे आहेत. वीसच्या रिमवर रबराची भिंत उंच, साडेबावीसच्या रिमवर ती रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे २३६ मिलिमीटर. बाहेरून चाक जवळजवळ तेवढंच.

मग फरक काय? फरक आत आहे. वीसच्या चाकात ट्यूब, फ्लॅप आणि वर लॉक रिंग. साडेबावीसला एकसंध रिम, टायर थेट तिच्यावर बसतो. वजन कमी, आत घासायला ट्यूब नाही, त्यामुळे टायर थंड. खिळा शिरला तर हवा हळू जाते, ट्यूबसारखी फाटकन नाही. आणि ती रिंग. आमच्या जुन्या गॅरेजच्या पत्र्याला एक वाकडं भोक आहे. मी शाळेत असताना हवा भरताना रिंग सुटून वर गेली होती. खाली कोणी वाकलेलं नव्हतं म्हणून ते फक्त भोक आहे. मिस्त्रीच्या शेडमधला पिंजरा त्याच साठी, आणि तो पिंजऱ्याबाहेर एकही ट्यूबवाला टायर फुगवत नाही. याचे मी त्याला वेगळे गुण देते.

आणखी एक, अगदी घरगुती कारण: घोड्याला साडेबावीस आणि ट्रॉल्याला वीस असेल तर स्टेपनी दोन वागवाव्या लागतात. मानपूरच्या पुढे ट्रॉल्याचा टायर बसला आणि स्टेपनी घोड्याची निघाली, असा एक दिवस आम्ही काढला आहे.

एका ओळखीच्या गाडीमालकाने सल्ला दिला होता, मागे ११.०० आर २० टाक, चाक उंच, एका फेऱ्यात जास्त अंतर. खरं आहे, १,०८५ मिलिमीटरचं चाक चार टक्के जास्त जातं. पण मग ओढही चार टक्के कमी होते, आणि घाटात मोटर अडवून धरते तो जोरही. शिवाय गाडीचा कॉम्प्युटर चाकाचे फेरे मोजून वेग ठरवतो. त्याला कोणी सांगितलेलं नसतं की चाक बदललं. उंचीच्या नादात युनिट वाचत नाहीत. कंपनीने गिअर ज्या चाकावर जुळवला तेच चाक ठेवावं. उलटीकडून बुटके टायरही तसेच, मोटरला जास्त फिरावं लागतं. आणि हो, युरोपातल्या ट्रॉल्यांसारखे रुंद एकेरी टायर, ३८५/६५ आर २२.५, मलाही दिसायला आवडतात. १६० चा इंडेक्स, एकटा साडेचार टन, सहा टायर म्हणजे बरोब्बर २७ टन, एक किलो इकडे नाही की तिकडे. आपल्याकडे ॲक्सलचं पासिंग टायरच्या संख्येशी बांधलेलं आहे, चार टायरच्या एकट्या ॲक्सलला ११.५ टन. सहा टायर लावून बारा टायरचं पासिंग मिळेल असं समजून पैसे खर्च करू नका, आधी आरटीओत विचारा.

ट्रॉल्याचं मला सगळ्यात उशिरा सुचलं, आणि खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती. ५५ पैकी २७ टन ट्रॉल्यावर. निम्मं वजन! आणि त्याला आम्ही काय लावतो? घोड्यावरून उतरलेले, रिमोल्ड केलेले, नाहीतर सगळ्यात स्वस्त नायलॉन. सगळे ट्रान्सपोर्टवाले असंच करतात, कारण ट्रॉला नुसता मागून येतो, त्याला ओढायचं नसतं. पण नायलॉनची थरावर थर बांधणी लवताना पोलादी तारांच्या रेडियलपेक्षा कितीतरी जास्त ताकद खाते, आणि ती ताकद घोडाच पुरवतो.

ऑक्टोबरमध्ये एकदम सगळं केलं. योगायोग असा की २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. भाड्यावर ५ टक्के लावणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याचं क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे उतरलेले दहा टक्के सरळ खिशात. लग टायर उतरवून आमच्या डिझेल टिपरला दिले. तिथे ते सुखात आहेत, खाणीच्या रस्त्यावर तेच हवेत. घोड्याला मागे कमी रोलिंगचे, उथळ नक्षीचे आठ. ट्रॉल्याला बारा रेडियल, बारा नव्या डिस्क, म्हणजे रिमसकट चाकं. साडेबावीसचा टायर वीसच्या रिमवर बसत नाही, त्यामुळे डिस्क आल्याच, आणि डिस्क घेताना बोल्टची भोकं, मधलं भोक आणि जोडीतलं अंतर जुन्या हबशी जुळवून घ्या. आमच्या पहिल्या चार डिस्क मधल्या भोकाला अडल्या आणि परत गेल्या.

टायर चढवायच्या आधी मिस्त्रीने ट्रॉल्याची मापं घेतली. लेझर वगैरे काही नाही, पोलादी टेप. ट्रॉल्याच्या पुढच्या, घोड्याला जोडणाऱ्या किंगपिनपासून प्रत्येक ॲक्सलच्या डाव्या टोकापर्यंत, मग उजव्या. पहिल्या दोन ॲक्सलना फरक दोन मिलिमीटर. तिसऱ्याला अकरा. म्हणजे ट्रॉला इतकी वर्षं शेवटचे चार टायर तिरके फरपटत होता. तीनच्या आत आणल्याशिवाय नवे टायर चढवणार नाही म्हणाला, आणि दोन दिवस गाडी ठेवून घेतली. मी चिडले होते. गिऱ्हाइकाचे फोन येत होते. आता चिडलेली नाही.

टायर आणि डिस्क मिळून ट्रॉल्याचे साडेतीन लाख गेले. नायलॉन संपलेच होते, बारा टायर तसेही घ्यायचेच होते, म्हणून जास्तीचा खर्च मी दीड लाख धरते. आता वही: भरलेली फेरी १.२५, रिकामी ०.७५. दिवसाची बेरीज २१०. जूनच्या आधी २३१ होती. रोजचे २१ युनिट, आठ रुपयांनी महिन्याला चार हजारांच्या वर. नुसत्या विजेवर पैसे वसूल व्हायला तीन वर्षांच्या जरा आत लागतील. एवढ्यासाठी कोणी उड्या मारू नयेत. पण आता तीन छोट्या फेऱ्या होऊन ३० युनिट उरतात, आणि चौथी फेरी बरोबर ३० ची असते. डबा उतरेपर्यंत वीस मिनिटं चार्जरला लावली की काकाही हो म्हणतात. आठवड्यातून दोन-तीनदा ती होते. पैसे तिथून येतात.

तक्रारीही आहेत. उथळ नक्षी म्हणजे नव्यातच १५ मिलिमीटर. बाबा अजून रोज बोट घालून बघतात आणि मान हलवतात. आठ महिन्यांत मागचे टायर ६ मिलिमीटर झिजले, पण किसणी झालेली नाही, कारण काकांनी सुटताना पाय आवरला आणि दर पंधरा हजार किलोमीटरला आम्ही त्या दोन ॲक्सलचे टायर आपसात फिरवतो. डेपोच्या चिखलात हा टायर लगसारखा धरत नाही. जानेवारीच्या अवेळी पावसात एकदा आवारातच चाकं जागेवर फिरली, क्रेनवाल्याने हसत हसत धक्का दिला. डांबरी रस्त्यावर ओलाव्यात काही त्रास नाही. दगड मात्र या बारीक खोबणीत अडकतात, क्लीनर दर रविवारी पेचकसाने काढत बसतो.

हवेचं एक सांगते आणि थांबते. चांगला टायर आणि कमी हवा म्हणजे परत नायलॉनच. जोडीतला बाहेरचा टायर सगळे बघतात, आतला कोणी बघत नाही, कारण व्हॉल्व्हपर्यंत हात जात नाही. क्लीनर लोखंडी टॉमीने ठोकून आवाजावरून सांगायचा, सगळे ठीक. मी गेज लावलं तर आतले दोन ऐंशीवर. आता सगळ्या आतल्या टायरांना व्हॉल्व्हच्या लांब नळ्या बसवल्या आहेत आणि पहाटे, गाडी थंड असताना हवा बघायची असा नियम आहे. मे महिन्यात देवासहून आलेल्या गाडीत गेजवर पंधरा पीएसआय जास्त दिसले आणि पंक्चरवाल्याने सवयीने हवा सोडली. तापलेल्या टायरची हवा सोडायची नसते, ती रात्री थंड झाल्यावर कमीच पडते. जोडीतले दोन टायर उंचीला सहा मिलिमीटरपेक्षा जास्त वेगळे नकोत, हेही मिस्त्रीने शिकवलं. नाहीतर उंचवाला एकटाच वजन उचलतो आणि बुटका नुसता घासत जातो.

मिस्त्रीच्या दुकानाला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो बिलासाठी: पक्कं बिल मागितलं की त्याचा मुलगा बोलवावा लागतो आणि मुलगा संध्याकाळी सहानंतर येतो. शुक्रवारी दुपारी शेड बंद असते. आणि काट्याची पावती घेऊन गेला नाहीत तर तो टायर दाखवतच नाही, परत पाठवतो.